खिशातले शौर्य

यंदा दसऱ्याला एक माजी विद्यार्थी सोने द्यायला घरी आला. आता बडा कंत्राटदार आहे. पाया पडला आणि विजारीच्या खिशातून पिस्तूल काढून आमच्या पूजेतल्या पाटीशेजारी ठेवले!

"सर, परवान्याचे आहे. लेथवाल्याकडून मूठ तासून घेतली, पुढची माशी घासली. आता खिशात अडकत नाही."

"कशाला रे हे?"

"बीदरचे विसरलात, सर?"

विसरलो नाही. 16 जानेवारी 2025 रोजी बीदर शहरात भरदिवसा दोन दुचाकीस्वारांनी एटीएमची रोकड नेणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, एकाचा जीव घेतला आणि पेटी पळवली. पण वाचकहो, ज्याचे बोट आधीच चापावर आहे, त्याच्यापुढे खिसा चाचपणारा किती क्षण टिकेल? शिवाय लपवलेले शस्त्र चोराला दिसतच नाही. मग त्याला धाक कसला? ते दिसते आपल्याच माणसांना: बांधाच्या भांडणात, पंचायतीच्या निवडणुकीत, लग्नाच्या वरातीत. जे भांडण शिवीवर मिटायचे, ते मढ्यावर संपते.

"रझाकारांच्या वेळी हत्यार असते तर," हेही आमच्याकडे हमखास ऐकवतात. सप्टेंबर 1948 पर्यंत बीदर-गुलबर्ग्याने काय सोसले, ते आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. पण तेच सांगत की, रात्रीचे पहारे गावाने मिळून दिले. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा एकाच वेशीवर जागला. खिशातल्या शौर्याला शेजारी नको असतो. शेजाऱ्याचाच त्याला संशय!

आणि कायदा? 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक-पिस्तुलाच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. नळी आखूड करणे तर कलम 6 खाली स्वतंत्र परवान्याची बाब. गल्लीतल्या लेथवाल्याकडे यातला कोणता परवाना असतो? पिस्तूल परवान्याचे, पण कानशी बिनपरवान्याची! चांगले सांभाळलेले शस्त्रही दगा देते. 1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. मग किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर खिशात खुळखुळणाऱ्या, तासलेल्या पिस्तुलाचा काय भरवसा?

हे सारे त्याला सांगत होतो, तोच माझी सहा वर्षांची नात खेळणे समजून त्या पिस्तुलाकडे हात नेऊ लागली. मी तिचा हात धरला. कंत्राटदाराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्याही घरी तेवढेच लेकरू आहे.

"उचल ते," मी म्हणालो. "सरळ ठाण्यात जमा कर. मग ये, सोने घेतो."

त्याने उचलले. आपट्याची पाने अजून पाटीजवळ आहेत. दिवाळी आली, मी वाट पाहतो आहे.