लग्नातला केक पाहुण्यांच्या ताटापर्यंत जाऊ द्या

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात लग्नसराई सुरू होते आणि माझा फोन सतत वाजू लागतो. मी कोथरूडमध्ये घरून केक करते. रिसेप्शनचा केक ठरवायला येणारी मंडळी हल्ली बहुतेक वेळा एकाच मागणीपासून सुरुवात करतात : "ताई, पाच थरांचा हवाय. खरा एकच ठेवा, बाकीचे डमी चालतील." डमी म्हणजे थर्माकोलचे गोल आणि त्यांवर चढवलेलं फाँडंट, म्हणजे साखरेच्या लगद्याचं आवरण. नवरा-नवरी खऱ्या थरात सुरी घालतात, एकमेकांना भरवतात, फोटो निघतात. जेवायला आलेल्या पाचशे माणसांपैकी जेमतेम वीस-पंचवीस जणांना त्यातला तुकडा मिळतो. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. लग्नात केक ठेवायचा, तर आलेल्या प्रत्येकाला तो मिळाला पाहिजे.

केक ही आपली पद्धतच नाही, असं म्हणणारे लोक आहेत. माझा आक्षेप तो नाही. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं संकट, आलं आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दोन वर्षं चालला. त्याच पुण्यात 1955 पासून कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर सगळ्या पेठांमधली माणसं श्रूझबेरी बिस्किटं आणि मावा केकसाठी रांग लावत आली आहेत. बेकरीचा पदार्थ आपला की परका, हा प्रश्न पुण्याने केव्हाच मिटवला. आता विचार करायचा तो एवढाच, की लग्नात आणलेल्या केकला आपण कसं वागवतो.

ज्या घरांत हा केक मुळापासून आहे, तिथे पाहावं. ख्रिस्ती लग्नातल्या परंपरेच्या फ्रूट केकसाठी मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल रममध्ये कित्येक आठवडे मुरत ठेवतात. हा केक टिकतो. म्हणून छोटे तुकडे कागदात गुंडाळून पाहुण्यांबरोबर देता येतात, येऊ न शकलेल्या नातेवाइकांना पाठवता येतात. गोव्यात नवरीबरोबर सासरी नारळ-रव्याचे 'बोल' जातात आणि ते शेजारपाजारी वाटले जातात. आपल्या रुखवताचीही रीत हीच. लाडू, करंज्या, चिरोटे मांडून ठेवतात, चार जण कौतुक करतात, पण शेवटी ते खाल्ले जातात. संक्रांतीला नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना साखरेवरची कारागिरी कोणी नव्याने शिकवायला नको. मांडायचं आणि मग वाटायचं, हे आपल्याला ठाऊकच आहे. केकपाशी आलो की मात्र आपण मांडण्यावरच थांबतो.

खोट्या केकचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात साखरेच्या टंचाईमुळे ब्रिटनने 1940 मध्ये केकवर आयसिंग करायला बंदी घातली. तेव्हा तिथली जोडपी पुठ्ठ्याचा सजवलेला केक भाड्याने आणत आणि त्याखाली घरचा लहानसा केक झाकून ठेवत. त्यांची ती खरी अडचण होती. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात रेशनिंग चालूच होतं. नऊ फुटी, चार थरांच्या त्या केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी सामान पाठवलं आणि केक खरोखर कापून वाटला गेला. आपल्याकडे कसलीही टंचाई नसताना आपण थर्माकोल सजवतो. महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरायला 2018 पासून बंदी आहे. गणपतीच्या मखरातून आपण तो मोठ्या निश्चयाने हद्दपार केला. लग्नाच्या केकमध्ये त्याला जागा देण्याचं काही कारण मला दिसत नाही.

डमी घेणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकते. एवढा केक महाग पडतो, उरला तर वाया जातो, फोटोत उंची हवी असते. यातला खर्चाचा मुद्दा खरा आहे, म्हणून हिशोबच मांडते. प्रत्येकी 50 ग्रॅमचा तुकडा धरला तर 500 माणसांना 25 किलो केक लागतो. हा सगळा केक फुलापानांनी सजवायची गरज नाही. चार किलोचा दोन थरांचा खरा केक समोर ठेवावा. उरलेला 21 किलो त्याच चवीचा, साधा चौकोनी स्लॅब करून आतल्या बाजूला ठेवावा आणि तिथेच कापून ताटात वाढावा. केकची किंमत चढते ती सजावटीच्या तासांमुळे. थर्माकोलच्या गोलावर फाँडंट चढवायला खऱ्या थराइतकाच वेळ जातो, म्हणून डमीही फुकट नसतो. तीन डमी थरांचे पैसे वाचवले तर स्लॅबचा बराचसा खर्च त्यातून निघतो. केक असेल तर एक मिठाई कमी करता येते, म्हणजे वाया जाण्याची भीतीही उरत नाही. उंची हवी असेल तर लाकडी किंवा धातूचं स्टँड भाड्याने मिळतं.

चव निवडतानाही पुण्याचं हवामान आधी पाहा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या घरात जातो आणि रिसेप्शन असतं म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावरच्या एखाद्या उघड्या लॉनवर. लोण्याचं क्रीम तिशी ओलांडलेल्या उकाड्यात सैल पडतं. पावसाळी दमट हवेत फाँडंटला घाम फुटतो. लॉनवर उन्हाळ्यात लग्न असेल तर फ्रूट केक, मावा केक किंवा चॉकलेट गनाशचं पातळ आवरण बरं. क्रीमचा हट्ट असेल तर एसी हॉल घ्या. टेस्टिंगला याल तेव्हा फ्रिजमधून काढलेला गार तुकडा खाऊन ठरवू नका. तासभर बाहेर ठेवलेला खा, कारण पाहुणे तोच खाणार आहेत.

अंड्याचा प्रश्न तर पहिल्याच भेटीत उघडपणे बोलावा. पाकिटातल्या पदार्थावर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. रिसेप्शनच्या टेबलावरच्या केकवर काहीच लिहिलेलं नसतं आणि पाहुणा विश्वासाने खातो. एक थर अंड्याचा, एक बिनअंड्याचा, असा मधला मार्ग मी घेत नाही, कारण सुरी एकच असते. सगळ्यांना वाढायचा केक पूर्ण बिनअंड्याचा असावा आणि शेजारी तसं लिहिलेलं कार्ड असावं. यात कलेचं काही कमी होत नाही. रॉयल आयसिंग परंपरेने अंड्याच्या पांढऱ्या भागावर उभं राहतं. पुण्याच्या प्राची धबल देब ब्रिटनमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे ही कला शिकल्या आणि त्यांनी अंडं पूर्ण वगळलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलान कॅथेड्रलची सुमारे 100 किलोची प्रतिकृती उभी केली. ही मोठी कारागिरी आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. ती जगापुढे मांडलेली कलाकृती आहे. लग्नाच्या मांडवातला केक हा जेवणाचा भाग आहे.

केक तोंडाला फासण्याची चालही थांबावी. जिलबीचा घास देताना उखाणा घेणारी आपली माणसं आहेत. तसाच केकचाही घास द्यावा. नवरीच्या डोळ्यांत क्रीम जातं, शालू खराब होतो, आणि ज्याच्या हातचं ते काम आहे त्याच्यासमोर ते जमिनीवर पडतं. ठिणग्यांच्या मेणबत्त्याही केकवर नकोत. त्यांची राख सरळ क्रीमवर येते.

या वर्षी ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना माझी विनंती आहे. केकवाल्याकडे जाण्याआधी हॉलच्या व्यवस्थापकाला विचारा, बाहेरचा केक चालतो का. केटररला सांगा, तुकडे कोण कापणार आणि कधी वाढणार. केकवाल्याची अन्नसुरक्षा नोंदणी पाहा. मग माणसांचा आकडा सांगा आणि तेवढ्यांना पुरेल असाच केक करून घ्या. बजेटमध्ये तो बसत नसेल तर आपली श्रीखंड-जिलबी पुरेशी आहे. केकविना लग्न अडत नाही. पण केक ठेवलात, तर वाढप्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना द्या.