मोठा टायर, लहान डिस्क

कला शाखेच्या वार्षिकात टायरवर लेख पाहून प्राध्यापकमंडळींच्या भुवया उंचावतील. उंचावोत बापड्या! हल्ली कॉलेजच्या फाटकासमोर उंच केलेल्या जीपा आणि पिकअप दिसू लागल्या आहेत. चाके मडगार्डाबाहेर चार बोटे डोकावतात, आणि डिस्क इतक्या चकचकीत की चिखलाचा शिंतोडा उडाला तर मालकाच्या काळजात चर्र व्हावे. भोवतीची पोरे "कितीची बसवली?" एवढेच विचारतात. कशासाठी बसवली, हे कोणी विचारीत नाही. माझे भांडण नेमके तेथे आहे.

टायरच्या अंगावरचे माप आधी वाचायला शिकावे. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि डिस्कचा व्यास १६ इंच. हिशेब केला तर एकूण व्यास साधारण साडेतीस इंच भरतो. त्याजागी ३३ इंची टायर घातला, तर धुरा जमिनीपासून किती वर गेला? अडीच नव्हे, सव्वाच इंच. व्यासातली अर्धी वाढ धुऱ्याच्या वर जाते. आणि धुरा व पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून गाडी चार इंच उचलली, तरी मागचा धुरा होता तेथेच राहतो. दगड आपटायचा तो त्यालाच आपटतो. वर जातो तो सांगाडा, आणि त्याबरोबर गाडीचा गुरुत्वमध्य. मोठ्या टायरला जागा व्हावी, हाच अशा उचलण्याचा मुख्य उपयोग.

मोठ्या टायरची किंमत दुकानात चुकती होत नाही. वरच्याच उदाहरणात काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६५ ने पळत असेल. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो.

आइसलंडमध्ये पिकअपना ३८ किंवा ४४ इंची टायर घालतात, ते हिमनद्यांवरून जायचे असते म्हणून. हवा इतकी कमी करतात की टायर बर्फावर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण ३८ इंची टायरच्या आत डिस्क बहुधा १५ इंचांचीच! म्हणजे बगल साडेअकरा इंच, वितीपेक्षा मोठी. आपल्याकडे उलटा कारभार. डिस्क २० इंचांची, बगल कडबोळ्याएवढी, आणि पहिल्या पावसाळ्यातल्या पहिल्या खड्ड्यात डिस्क वाकडी.

माझा मामेभाऊ पिकअपमधून टोमॅटो घेऊन माळशेज घाट उतरतो. गाडीवर अजून कर्ज आहे. त्यालाही गाडी उचलायची होती. मी म्हटले, "दादा, भरल्या गाडीने वळण घेताना ही उंची कोणाच्या कामाची?" टायर किती भार पेलतो याचा अंकही त्याच्या अंगावर छापलेला असतो, दिखाऊ टायर घेताना तो कोणी पाहत नाही. दादा अजून रुसलेला आहे. रुसू दे.

कायद्याचेही ऐकावे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. हौशी लोकांना हा जुलूम वाटतो. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला वाटत नसावा.

तरीही कोणाला कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी दुसरे माप घ्यायचेच असेल, तर डिस्क लहान आणि बगल उंच असलेले घ्यावे. गाडी भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कोठे घासतो ते पाहावे. आणि पैसे पाच टायरांचे मोजावेत, चारांचे नव्हे. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवणारे पुष्कळ आहेत. रात्री घाटात पंक्चर झाले की मागच्या धुऱ्यावर दोन वेगळ्या व्यासांची चाके येतात, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलच्या दात्यांना घटकाभर उसंत मिळत नाही.