बंद रस्त्याचा हिशेब

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी ४३ फुटांवर गेले की कोल्हापुरात धोक्याची पातळी ओलांडली, असे मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ सुमारे आठवडाभर बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा दोन्ही बाजूंना खोळंबल्या, शहरात पेट्रोल व भाजीपाल्याची टंचाई झाली, मुंबई-पुण्याकडे जाणारे दूध अडले. जुलै २०२१ मध्ये तोच रस्ता त्याच ठिकाणी पुन्हा पाण्याखाली गेला. दोन वर्षांच्या अंतराने तीच आपत्ती त्याच जागी यावी आणि दोन्ही वेळा तिला ‘नैसर्गिक’ म्हणून आपण मोकळे व्हावे, हे योग्य नव्हे. तीत निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती, याचा विचार पाणी ओसरल्यावरच शांतपणे होऊ शकतो.

पूर ओसरला की पंचनामे होतात. पडलेली घरे, दगावलेली जनावरे, बुडालेली पिके यांची नोंद होते. ती झालीच पाहिजे. परंतु घर शाबूत राहिले, मात्र रस्ता तुटल्याने मिळकत बुडाली, अशांसाठी पंचनाम्यात रकाना नसतो. २०१९ च्या त्या आठवड्यानंतर माझा एक विद्यार्थी बऱ्याच दिवसांनी वर्गात आला. त्याचे गाव पन्हाळा तालुक्यात, उंचावर. तेथे पुराचे पाणी शिरले नव्हते. पण केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता बंद, त्यामुळे दुधाची गाडी नाही. दोन म्हशींचे दूध घरात राहिले, नासले आणि ओतून द्यावे लागले. वडील शहरात रोजंदारीने जात, तो रोजही बुडाला. “सर, आमचं नुकसान झालं नाही असं लिहून गेले,” असे त्याने सांगितले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने ज्याला निःसंशय नुकसान म्हणावे, ते शासनाच्या दप्तरी नुकसानच नव्हते.

याचे परिणाम दूरगामी आहेत. वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधला की त्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमेस धरला जातो; ओतून दिलेले दूध आणि बुडालेली मजुरी मात्र कोणाच्याच वहीत वेगळी चढत नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. नव्या रस्त्याला कोनशिला असते, उद्घाटन असते. जुन्या पुलाची तपासणी, मोऱ्यांतील गाळ काढणे, दरडीला जाळी बसविणे या कामांना समारंभ नसतो. म्हणून निधीची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यांनाच लागते.

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे पैसा नव्हता असे नाही, कौशल्य नव्हते असेही नाही. निकड वाटण्यासाठी मात्र माणसे मरावी लागली. बोरघाटातही २०१९ च्या पावसाने लोहमार्गाची हानी केली आणि हिवाळा आला तरी दुरुस्ती चालूच होती. नोकरीनिमित्त पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्यांनी रद्द गाड्यांचा तो काळ कसा काढला, याचा हिशेब कोणी मांडला?

‘असा पाऊस क्वचितच पडतो’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे पाहिल्यावर ‘क्वचित’ हा शब्द जपून वापरावा लागेल. दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. सर्वच रस्ते पूरमुक्त करणे कोणत्याही राज्याला परवडणार नाही. परंतु तशी गरजही नाही. पाणी कोठे चढते, हे त्या गावच्या एस. टी. चालकाला ठाऊक असते. ठिकाणे ठरलेली आहेत. मात्र तेथे केवळ मातीचा भराव घालून रस्ता उंच करणे हा उपाय नव्हे. पूरक्षेत्रातील भराव हा आडवा बांधच असतो. पुरेशा मोऱ्या नसतील तर तो पाणी अडवितो आणि रस्ता वाचवून वरच्या अंगाची गावे बुडवितो. अशा ठिकाणी खांबांवरील रस्ता महाग पडतो खरा, पण बंद दिवसांची किंमत धरली तर तो तितका महाग राहत नाही.

पर्यायी मार्गाचे मोलही असेच आहे. काश्मीर खोरे हिवाळ्यात हिमवृष्टीने आणि एरवी दरडींनी वारंवार तुटते, कारण जम्मू-श्रीनगर महामार्ग या एकाच धमनीवर त्याचा मुख्य भार होता. तो बंद पडला की सफरचंदांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाली, तिचे खरे महत्त्व वेगात नाही, दुसरी वाट मिळण्यात आहे.

२०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. पाण्याचा अभ्यास व्हावा, हे योग्यच झाले. आता त्याच गांभीर्याने बंद रस्त्यांचा व्हावा. प्रत्येक जिल्ह्याने दर पावसाळ्यानंतर कोणता रस्ता किती दिवस बंद होता, किती फेऱ्या रद्द झाल्या, किती दूध व भाजीपाला अडला, किती मजुरांचे रोज बुडाले, याचा ताळेबंद प्रसिद्ध करावा आणि पुढील वर्षीची पूल-मोऱ्यांची कामे त्याच क्रमाने हाती घ्यावीत. यासाठी नवे खाते नको. तलाठी, आगारप्रमुख आणि दूध संस्थेचा सचिव यांच्याकडे ही माहिती तुकड्यातुकड्यांनी असतेच. ती एकत्र मांडली, तर त्या विद्यार्थ्याच्या घरचे ओतून दिलेले दूध निदान कागदावर तरी नुकसान ठरेल. उपाययोजनेची सुरुवात तेथूनच होते.