मजुराची मजुरी आणि कंत्राटदाराची वही

सरकारी काम म्हणजे लोकांच्या पैशाचें काम. त्या पैशांतून मजुरास ठरलेली मजुरी मिळाली कीं नाहीं, याचा झाडा कोणी द्यावयाचा? अमेरिकेंत 1931 च्या डेव्हिस-बेकन कायद्यानें मध्यवर्ती सरकारच्या बांधकामावर त्या भागांतील चालू दरापेक्षां कमी मजुरी देण्यास बंदी केली. परंतु लबाडीस वाट सांपडली. वहींत पूर्ण मजुरी लिहावी आणि तींतला हिस्सा धाकानें परत उपटावा! म्हणून 1934 च्या कोपलंड कायद्यानें ही वसुली गुन्हा ठरविली. आजहि तेथें 2000 डॉलरांवरील कामाच्या कंत्राटदारास प्रत्येक मजुराचें काम, तास, दर व कपात यांचा तक्ता दर आठवड्यास सहीनिशीं सादर करावा लागतो. खोटी सही शिक्षेस पात्र होते, आणि काम संपल्यावरहि तीन वर्षें कागद जपावे लागतात.

कंत्राटदार म्हणतील, हा जाच आहे. रोजमेळ नित्य जुळविणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस हें पटेल काय? सिमेंटच्या गोणीची नोंद राहते, मग मजुराच्या घामाचीच कां राहूं नये? आपल्याकडेहि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानें मजुरीवांटप मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावें, असा दंडक घातला होता. मर्म एकच: पेटींत राहिलेली वही कंत्राटदाराचीच साक्ष देते, चारचौघांपुढें आली म्हणजे ती मजुराची होते. यास्तव मजुरीचा तक्ता पाहिल्याखेरीज कोणत्याहि नगरपालिकेनें कंत्राटदाराचें बिल चुकतें करूं नये.