आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर, मग सवलत



आपल्यातल्या कितीतरी जणी आता घरून खाखरे, पापड, मसाले, कोरडा फराळ विकतात. नाशिकहून पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला, परदेशातल्या नातलगांपर्यंत डबे जातात. ऑर्डर वाढल्या तसं एकेकीला फोन करणं जमेना, म्हणून जुन्या ग्राहकांना महिन्याला एक मेल पाठवायची पद्धत आली. मला असे बरेच मेल येतात आणि मी ते वाचते. वाचताना एक गोष्ट सारखी खटकते, ती आज मांडते.

फोनवर आपण अगदी मुद्द्याचं बोलतो. समोरची विचारते, "मेथी खाखऱ्यात ताजी मेथी आहे की वाळवलेली? तिथीला घ्यायचाय." आपण लगेच खरं ते सांगतो. त्याच बाईला मेल लिहायला बसलो की मात्र कुठून तरी उसनी भाषा येते. "अप्रतिम चव! शंभर टक्के जैन! त्वरा करा!" तिने जे विचारलं होतं, त्यातलं अक्षरही त्या मेलमध्ये नसतं.

माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या मेलचा मजकूर ग्राहकांच्या प्रश्नांत आणि तक्रारींत आधीच तयार असतो. तो टिपून घ्यायचा कंटाळा करतो, म्हणून मोठमोठे शब्द शोधावे लागतात.

"शंभर टक्के जैन" हेच घ्या. हॉटेलच्या मेन्यूवर "जैन" म्हणजे साधारणपणे कांदा, लसूण, बटाटा नाही एवढंच. पाकिटावरचा हिरवा ठिपका तर फक्त शाकाहारी एवढंच सांगतो. विमान कंपन्यांनासुद्धा साधं "शाकाहारी" पुरत नाही, म्हणून जैन जेवणाला "व्हीजेएमएल" असा वेगळा संकेत आहे. पण आपल्या घरांत प्रश्न याच्याही पुढे जातात. आलं आहे की सुंठ? आयंबिलला चालेल का? सूर्यास्तानंतर केलेलं तर नाही ना? लासलगावच्या कांद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात राहून आपण हे विचारतो, कारण आपल्याला ते विचारावंच लागतं. तिच्यासाठी हा नियमाचा प्रश्न आहे. चुकीच्या शब्दावर विसंबून तिने तो डबा उघडला, तर पैसे परत करता येतात, मोडलेला नियम परत करता येत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे, "केला कधी?" पाकिटावर "चार महिन्यांच्या आत वापरा" असं छापलेलं असतं. आपल्याकडे पिठाची, खाखऱ्याची मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात ती सगळ्यात कमी, आणि संप्रदायाप्रमाणे दिवसही वेगळे. त्यामुळे चार महिन्यांचा तिला उपयोग नाही. तिला केल्याची तारीख हवी असते. मग मेलचा विषयच असा का नसावा: "सोमवारी भाजलेले खाखरे, मंगळवारी पार्सल निघेल"? या एका ओळीत तिच्या शंकेचं उत्तर आहे. अशी मेल ती न उघडता पुसणार नाही.

आता थोडं आपल्याच राज्यातल्या मोठ्या उदाहरणाकडे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच पुढची लिज्जत. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना वाट दाखवणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी सांगितलं की एकच चांगला पापड करा आणि दर्जात तडजोड करू नका. १९६२ मध्ये नाव ठरवायला स्पर्धा ठेवली, ५ रुपये बक्षीस लावलं, आणि सुचवलेल्या नावांतून "लिज्जत" निवडलं. गुजरातीत त्याचा अर्थच चव. मला यात दोन गोष्टी दिसतात. शब्द लोकांकडून घेता येतात, त्यात कमीपणा नाही. आणि शब्दामागचा माल एकसारखा नसेल, तर कुठलाही शब्द टिकत नाही.

हे घरी कसं करायचं? फार अवघड नाही. किराण्याच्या हिशेबाची असते तशी एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: तिने काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, शेवटी घेतलं की नाही. तिचे शब्द बदलू नका. ती "तेलकट वास येतो" म्हणाली असेल, तर वहीत "गुणवत्तेची तक्रार" असं लिहू नका. पार्सल पोहोचल्यावर तारे द्यायला सांगण्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: "घेण्याआधी मनात कोणती शंका होती?" एकाच बाईची तक्रार असेल तर तिला फोन करा. चार-पाच जणी तेच म्हणाल्या तर आधी वस्तू सुधारा, मग पुढच्या मेलमध्ये लिहा. "खाखरे तुटून येतात असं तुमच्यातल्या काही जणींनी कळवलं, म्हणून आता पुठ्ठ्याच्या डब्यात पाठवतो." यापेक्षा चांगली जाहिरात मला माहीत नाही.

सगळ्यांना सगळं पाठवायचीही गरज नाही. चैत्र आणि अश्विनात नऊ-नऊ दिवसांची ओळी असते. जिने आयंबिलचं विचारलं होतं, तिला पंधरा दिवस आधी तेवढंच कळवा. जिने फक्त दिवाळीचा फराळ घेतला, तिला दर आठवड्याला त्रास नको. "मेल नको" हाही अभिप्रायच आहे. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये मेल बंद करायची सोय देणं जीमेलने २०२४ पासून सक्तीचं केलं. आपले ग्राहक दोनशे असतील, पण सोय द्यायला हरकत काय?

काही जणी म्हणतील, "ग्राहकांचं किती ऐकायचं? सगळ्यांना फक्त स्वस्त हवं असतं." भाव करणारे असतातच. पण ऐकणं म्हणजे प्रत्येक मागणी पुरवणं नव्हे. कोणी "वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या स्वयंपाकघरात करता का?" असं विचारलं आणि तशी सोय नसेल, तर मेलमध्ये तसं लिहा. दोन ऑर्डर जातील. ज्या राहतील त्या डोळे मिटून विश्वास ठेवतील.

इथे आपल्या अणुव्रतांची आठवण होतेच. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटा लेख तयार करणं आहे, आणि दुसऱ्याचं गुपित उघड करणंही आहे. स्वतःच लिहून "पुण्याच्या एका ताईंचा अभिप्राय" म्हणून छापणं पहिल्यात बसतं. तिने विश्वासाने सांगितलेलं वर्षीतपाचं किंवा आजारपणाचं कारण तिला न विचारता जाहिरातीत वापरणं दुसऱ्यात. सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारांची यादी काढली. "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणं त्यात आहे. आपल्याला मात्र हे कळायला २०२३ पर्यंत थांबायची गरज नव्हती.

आणि एक विनंती. संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडम्" आणि खाली "वीस टक्के सूट" असे मेल येतात, ते थांबवूया. क्षमा मागायचीच असेल, तर वर्षभरात ज्यांच्या तक्रारी आल्या त्यांची यादी वहीतून काढा आणि प्रत्येकीला दोन ओळी लिहा: तुमचा डबा उशिरा पोहोचला होता, त्याबद्दल क्षमा. खाली कुठलीही वस्तू विकू नका.

पर्युषणाच्या ऑर्डर सुरू होण्याआधी एका दुपारी फोनवरचे शेवटचे वीस संदेश उघडा. कोणता प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय ते पाहा. त्याचं खरं उत्तर एका ओळीत लिहा आणि तीच ओळ पुढच्या मेलमध्ये सगळ्यात वर ठेवा. सवलत असेलच, तर ती शेवटी.