‘ढ’ कोण?
फळ्यावरील अक्षरे चुकीची उतरविणाऱ्या मुलास ‘ढ’ ठरवून मोकळे होणारे शिक्षक व पालक आजही थोडे नाहीत. पुष्कळदा हा दोष बुद्धीचा नव्हे, दृष्टीचा असतो. लघुदृष्टीत नेत्रगोल लांबट होऊन दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंगाचा चष्मा ती जागेवर आणतो. पण जग असेच अंधुक असते, अशी समजूत झालेले मूल तक्रार तरी कशी करणार? १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणीचा अंतर्भाव आहे. तिचा लाभ घेणे आपल्या हाती आहे. मुलांना रोज निदान २ तास उघड्यावर खेळू द्यावे. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मारण्यापूर्वी त्यांचे डोळे तपासून घ्यावेत, इतकेच आमचे मागणे आहे.