पावती तपासणारे पहारेकरी

वाचनालयाच्या ओट्यावर मागे एकदा वाद रंगला. विजेच्या वाढलेल्या बिलावरून बोलणे निघाले आणि पाहता पाहता सरकारी घरांच्या गळक्या छपरांपर्यंत पोहोचले. आमच्यातील एक विद्वान गृहस्थ म्हणाले, “सरकारी देखरेख म्हणजे चिरीमिरीसाठी उघडलेली आणखी एक खिडकी. निविदा काढावी, कमीत कमी दर भरणाऱ्याला काम द्यावे आणि सरकारने बाजूला व्हावे.” चार माना डोलल्या. गुजरात सरकारच्या चाकरीत बत्तीस वर्षे काढलेला मी गप्प राहिलो. हा लेख त्या मौनाचे प्रायश्चित्त समजावा.

आधी कबुली देतो, कारण ती दिल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. सेवेत असताना गरिबांसाठी बांधल्या जाणाऱ्या एका वसाहतीचे कागद माझ्यापुढे आले होते. गाव आणि खाते सांगत नाही. काँक्रीटचे ठोकळे ओतून अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून त्यांची ताकद मोजतात. त्या फायलीत सहा महिन्यांचे अहवाल होते आणि सगळ्या ठोकळ्यांची ताकद जवळजवळ एकच होती. मधल्या काळात पावसाळा येऊन गेला, वाळूची खेप बदलली, सिमेंटचा पुरवठादार बदलला; ठोकळ्यांना मात्र कशाचाही स्पर्श झाला नव्हता. मी शेरा मारला, “प्रत्यक्ष स्लॅबमधून नमुना काढून तपासावा.” फाईल परत आली ती या उत्तरासह: “अहवाल नियमानुसार समाधानकारक असल्याने आवश्यकता वाटत नाही.” त्याखाली मी सही केली. त्या प्रकरणात मी कुणाकडून एक पैसाही घेतला नाही. ती सही करणारा मनुष्य प्रामाणिक होता, हेच सांगायचे आहे.

तेव्हा आमच्या मित्रांचे निदान अर्धे बरोबर आहे. जिला आपण देखरेख म्हणतो ती बहुतेक ठिकाणी पावत्यांची तपासणी असते, मालाची नव्हे. पण औषध निकामी ठरले म्हणून रोग्याला वैद्याशिवाय सोडून द्यावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दाभोळचे उदाहरण आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्‌रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आणि महाग आहे असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारले होते. वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचा आकार चुकता करायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. देखरेख नव्हती असे कोणी म्हणू नये. मंडळ होते, मंत्रालय होते, केंद्रीय वीज प्राधिकरण होते. प्रत्येकाने आपापला रकाना पाहिला. एवढी वीज घेणार कोण आणि तिचे पैसे देणार कोण, हा रकाना कुणाच्याच कागदावर नव्हता. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि पुढच्याच वर्षी तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन, एकूण २,१८४ मेगावॅटचा, परत आला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, डिसेंबरात एन्‌रॉन दिवाळखोरीत निघाली. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये निर्णयप्रक्रियेचे वाभाडे काढले. परंतु उत्तरदायी कोण याचा निवाडा झालाच नाही. एवढा काळ लोटल्यावर त्यात आता काही उरले नाही अशा भूमिकेतून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण संपवले. सव्वीस वर्षांनी पंचनामा पूर्ण होतो तेव्हा घरमालकही उरत नाही आणि चोरही उरत नाही. त्या कराराचे आकडे वेळीच मांडून दाखवले ते पुण्याच्या ‘प्रयास’ने, म्हणजे सरकारी यंत्रणेबाहेरच्या तीन-चार अभियंत्यांनी. याची लाज आम्हा अधिकाऱ्यांना वाटायला हवी होती.

“पण तिथे निविदाच नव्हती ना!” असे आमचे मित्र म्हणतील. मग निविदा होती ते ठिकाण पाहू, आणि तेही आपल्याच गुजरातेत. मुंद्रा येथील ४,००० मेगावॅटच्या महाप्रकल्पासाठी रीतसर स्पर्धा झाली आणि टाटा पॉवरने युनिटला सरासरी सुमारे २ रुपये २६ पैसे असा सर्वांत कमी दर भरला. २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रासह पाच राज्यांनी करार केले. कोळसा इंडोनेशियाचा. त्याची भाववाढ दराला जोडण्याची मुभा निविदेत होती, तरी इंधनाच्या दराचा बराचसा भाग न वाढणारा भरलेला होता. म्हणूनच तर दर सर्वांत कमी. पुढे इंडोनेशियाने निर्यातीचा दर बाजारभावाशी बांधला आणि गणित कोसळले. २०१३ मध्ये केंद्रीय नियामक आयोगाने भरपाईचा दर दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परदेशातील कायदा बदलणे हे करार मोडण्याचे कारण होत नाही, असे सांगून तो रद्द केला. २०१८ मध्ये आपल्या राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमून पुन्हा वाट शोधायला घेतली. २०२१ मध्ये केंद्र बंद पडले आणि मे २०२२ मध्ये आयात कोळशावरील केंद्रे चालू करवण्यासाठी दिल्लीला हुकूम काढावा लागला. कमीत कमी दराची गोष्ट ही अशी. हा दर पंचवीस वर्षे टिकेल काय, हा प्रश्न लिफाफा फोडतानाच विचारणारे कोणी तरी टेबलापाशी हवे होते. लिफाफ्यातील आकडा वाचून दाखवणे हे कारकुनाचे काम; तो आकडा खरा वाटतो काय हे पाहणे म्हणजे देखरेख.

आता घरांकडे वळतो. वीज महाग झाली तर माणूस कुरकुरतो. छप्पर कोसळले तर कुरकुरायला तो उरत नाही. २००५ च्या अखेरीस आलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी योजनेत तापीकाठच्या झोपड्यांतील कुटुंबे उचलून अमरोलीपलीकडे कोसाडला नेली. घरे मोजली गेली, उद्घाटने झाली. पण घर पुरवणे म्हणजे किल्ली देणे नव्हे. मान दरवाजा येथील महापालिकेची जुनी टेनामेंटे जीर्ण ठरली, रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि पुनर्विकासाच्या निविदा पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या. त्या चाळींचे वय एका रात्रीत वाढले नव्हते. दरवर्षी कोणी तरी जिना चढून छत पाहिले असते तर?

श्रीमंत देशांत हे घडत नाही असा भाबडा समज नको. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी ७२ माणसे जळून मेली. इमारत स्थानिक कौन्सिलची होती आणि कारभार तिने नेमलेल्या संस्थेकडे होता. अशी दुर्घटना होईल हे रहिवाशांनी आधीच्याच वर्षी लिहून ठेवले होते. ते वाचण्याचे बंधन मात्र कुणावर नव्हते. त्यानंतर २०२३ मध्ये तिथे घरे पुरवणाऱ्यांवरील नियामकाला दात देणारा कायदा झाला.

इथे आपल्या मंडळींना एक कडू गोष्ट सांगतो. आपल्यापैकी कोणाचे पणजोबा गायकवाडांच्या नवसारी प्रांतात नोकरीला आले, कोणाचे रेल्वेत. आपली घरे पक्की आहेत. लिंबायत, उधना, डिंडोलीकडे राहणारे धुळे-जळगाव-नंदुरबारचे मराठी लोक आपल्या गणेशोत्सवात वर्गणीपुरते आठवतात. सरकारी घरे ‘त्यांची’, म्हणून त्यांची देखरेख हा आपल्या चर्चेचा विषय होत नाही. पण विजेच्या बिलावरील ‘एफपीपीपीए’ ही पाच अक्षरे आपण सगळेच भरतो. इंधन व वीजखरेदी महागली की तो आकार वाढतो. म्हणजे कुणीतरी कुठेतरी केलेल्या खरेदीची किंमत आहे ती. शहरात वीज वाटणारी टोरेंट कंपनी कामरेजजवळच्या आपल्याच सुजेन केंद्राचीही वीज घेते. यात बेकायदा काही नाही, नियामक आयोगाची मान्यता लागते. परंतु विकणारा आणि घेणारा एकाच घरचे असतील तेव्हा तिऱ्हाइताने दुप्पट जागे राहायला हवे, आणि तो तिऱ्हाईत आयोगाबरोबर आपणही आहोत. २००३ च्या वीज कायद्याने दरनिश्चितीपूर्वी सूचना व हरकती मागवणे आयोगावर बंधनकारक केले आहे. वर्तमानपत्रात तशी नोटीस येते आणि आपण त्या पानावर शेव-फाफडा खातो.

महालेखापरीक्षकांचे अहवाल विधानसभेत बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतात, हे मी नोकरीत असल्यापासून पाहतो आहे. तेव्हा त्यांची वाट पाहत बसण्यात हशील नाही. टोरेंटच्या सुरत विभागाच्या पुढच्या दरप्रस्तावाची नोटीस आली की तो प्रस्ताव मी वाचनालयात आणून ठेवणार आहे. वीजखरेदीचे तक्ते शेवटच्या पानांत असतात. ते वाचायला दोन हिशेबी माणसे हवीत, आणि ओट्यावरचे आमचे ते मित्र बँकेतून निवृत्त झालेले आहेत. हरकतीचा मसुदा मी करीन. मान दरवाज्याची दोन कुटुंबे आपल्या टेनामेंटांचे जुने कागद घेऊन रविवारी सकाळी येणार आहेत. त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज त्याच वेळी लिहायचा आहे.